कायमचे बंद

हे मी आजवर कुणापुढेही बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, माझ्याबरोबर दुकानात बसणाऱ्या भागीदारापुढेही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शहाद्यात वेबसाइट बनवतो. किराणा, पोल्ट्री, शिवणक्लास, मंडपवाले — छोट्या धंद्यांना इंटरनेटवर आणतो. शिवाय भाषणं देतो. लहान व्यावसायिकांसाठी ऑनलाइन मार्केटिंगच्या टिप्स! बचत गटाच्या बायकांपुढे माइक हातात घेऊन मी सांगतो, की ग्राहकाचा विश्वास ही सगळ्यात मोठी जाहिरात. हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडतं तेव्हा ते तोंड फोडावंसं वाटतं. तरी पुढच्या भाषणात पुन्हा तेच म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात.

तापीकाठच्या प्रकाशा गावात एक बाई मांडे करायची. सगळे तिला जिजी म्हणतात, मीही. तुम्ही खानदेशातले नसाल तर सांगतो — मांडा म्हणजे उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेली भली मोठी पुरणपोळी. पीठ लाटायचं नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचं. फार थोड्या जणींना जमतं. जिजीला असं जमायचं, की प्रकाशाला देवदर्शनाला आलेली माणसं तिच्या अंगणात उभी राहून बघत बसायची. हाताखाली रुमालीबाई होती, धडगावकडची, चूल आणि पुरण सांभाळणारी. दोघींचं चांगलं चाललं होतं.

जिजीला इंटरनेटवर मीच आणलं. मोबाइलच्या नकाशावर तिच्या धंद्याची नोंद केली — नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर. चाव्या माझ्याकडे, म्हणजे त्या नोंदीत काहीही बदलायचं तर ते माझ्या खात्यातून. वर्षभरात सुरतेहून, नाशिकहून फोन यायला लागले. लग्नाच्या ऑर्डरी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि आमच्याकडे मांड्यांशिवाय आखाजी होत नाही. जिजीने मला पहिल्या घाण्यातले मांडे फडक्यात बांधून आणून दिले होते. हे मी मुद्दाम सांगतोय. तिने माझं काही वाकडं केलं होतं असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

मग मी तिची वेबसाइट केली. मला वाटत होतं, काय केलीय! सरकणारे फोटो, सोनेरी अक्षरं, उघडताच सनईचा आवाज. दाखवायला तिला दुकानात बोलावलं. त्याच वेळी एक मोठा बियाणेवाला समोर बसला होता. त्याचं काम मला हवं होतं, म्हणून मी स्क्रीन दोघांकडे वळवली. जिजीने डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हाई समदं चांगलं शे भाऊ, पन फोन नंबर कोठे शे? लोके माले फोन कसा करतीन?"

नंबर नव्हता. मी विसरलो होतो. बियाणेवाला हसला — मोठ्याने, मांडीवर थाप मारून हसला. "बाईला कळतं ते तुला कळत नाही," म्हणाला आणि उठून गेला. परत आला नाही. जिजी बिचारी ओशाळली. तिला माझं हसं करायचं नव्हतंच, तिने फक्त खरं विचारलं होतं. आणि बरोबर विचारलं होतं! शिकवतो काय मी आता पहिल्याच भाषणात? फोन नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

ती गेली. मी नंबर टाकला. आणि मग — इथपर्यंत आलोय तर सांगूनच टाकतो — मी नकाशावरची तिची नोंद उघडली आणि एक बटण दाबलं. त्या बटणावर लिहिलेलं असतं, 'कायमचे बंद'. त्यानंतर ज्याने ज्याने तिला शोधलं, त्याला तिच्या नावाखाली लाल अक्षरांत तेवढंच दिसलं. प्रकाशाचे मांडे, कायमचे बंद.

एक दिवस ठेवू, असं ठरवलं होतं. जरा कळू दे तिला! पण काय कळणार होतं? आणि कुणी कळवणार होतं? दुसऱ्या दिवशी उघडलं नाही. आठवड्याने आठवलं तेव्हा आधीचा रागच पुन्हा चढला. महिन्याने भीती वाटायला लागली — आता उघडलं आणि कुणी विचारलं तर? आखाजी तशीच गेली.

आखाजीनंतर ती बसने आली. स्टुलावर बसली आणि पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मन्हा फोन वाजत नही, भाऊ. लोके इचारतस, जिजी, तू धंदा बंद करी दिधा का? मन्हा हातनी चव गयी का रे?"

खरं काय ते तिला आयतंच सापडलं होतं. एक वाक्य, आणि मी सुटलो असतो. मी काय केलं? स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतली. म्हणालो, लोक काहीही बोलतात. म्हणालो, नेटवरचे नियम बदललेत, आता रोज मेहनत घ्यावी लागते. आणि तिला टिप्स दिल्या. रोज एक फोटो टाक. व्हिडिओ काढ. जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज कर. फोटोत हसत जा.

तिने सगळं केलं. सगळं! त्या वयात व्हिडिओ काढायला शिकली. रोज सकाळी मला फोटो यायचा — खापर, मांडा, धुरात उभी राहून हसणारी जिजी — खाली विचारलेलं असायचं, बरोबर आहे का? आणि मी अंगठा पाठवायचो. पाच महिने. दुकानाला कुलूप मी लावलेलं, आणि तिला सांगत होतो, दारापुढे रांगोळी चांगली काढ.

मला कधी कधी तिचाच राग येतो. होय. तिने एकदा तरी संशय घ्यायचा! दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, माझ्या दुकानात येऊन शिव्या घालायच्या. माझ्यासारख्या माणसावर इतका विश्वास ठेवतं का कुणी? बघा, अजूनही दोष तिलाच देतोय.

दिवाळीनंतर रुमालीबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातकडे गेली. चार वर्षं गेली नव्हती. जिजीकडे काम होतं म्हणून गेली नव्हती. हे कळलं त्या दुपारी मी नोंद पुन्हा उघडी केली. जेवणाचा डबा उघडायला जास्त वेळ लागतो. पण तोवर सुरत-नाशिकच्या लोकांनी दुसरीकडे सोय पाहिली होती. जिजीने घरचं काम बंद केलं आणि एका केटररकडे रोजावर मांडे करायला लागली. त्याच्या नावाने.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी स्वतःला नुसता भित्रा म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षी पुरुषोत्तमनगरला बायकांचा मेळावा होता. मला एक उदाहरण हवं होतं, आळशीपणाने धंदा कसा बुडतो याचं. आणि मी सांगितलं. नाव घेतलं नाही. तापीकाठची एक बाई, म्हणालो, हाताला अशी चव. पण नेटवरची नोंद कधी तपासली नाही, आणि बसली घरी. बायका हळहळल्या. काही जणींनी वहीत लिहून घेतलं.

संपल्यावर गर्दीतून जिजी पुढे आली. तिसऱ्या रांगेत बसली होती. मी पाहिलंच नव्हतं. वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुन्हं बरोबर शे, भाऊ. मन्हीच चूक व्हती, माले समजनं नही. या पोरीस्ले सांगत जाय. मन्हासारखं व्हवाले नको."

मी मान हलवली. मान! माइकचं बिल द्यायचंय असं सांगून मागच्या दाराने निघालो. आणि नंतर नवापूरला तीच गोष्ट पुन्हा सांगितली, दोनदा. तिनेच सांगायला सांगितलंय, असं मनाला समजावून.

आता सांगत नाही. त्यात मोठेपणा नाही. नवापूरला दुसऱ्यांदा सांगताना तिसऱ्या रांगेकडे बघवेना, म्हणून सोडली.

जिजीचं काही चुकलं नव्हतं. नोंद बरोबर होती, फोटो बरोबर होते, मांडे बरोबर होते. बटण मी दाबलं. शहाद्याहून प्रकाशाला जायला अर्धा तासही लागत नाही. मी गेलेलो नाही.