कलम चार : कामाचे ठिकाण

सोमवारी नऊला पाच मिनिटं असताना ती आमच्या महापेच्या ऑफिसात आली आणि तिने विचारलं, माझी जागा कुठे आहे. मी सांगितलं, तुमची इथे जागा नाही. तिने पिशवीतून नेमणूकपत्र काढलं, तिसरं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कलम चार, कामाचे ठिकाण. पुढे आमच्या ऑफिसचा पत्ता होता, मजल्यासकट. पत्राखाली सही माझी होती. कलमही मीच लिहिलं होतं.

"मग मी बसते," ती म्हणाली, आणि पाण्याच्या कूलरजवळ पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली.

आमचा धंदा थोडक्यात असा. परदेशातल्या एखाद्या कंपनीला भारतात दोन-चार माणसं हवी असतात, पण त्यासाठी इथे कंपनी काढायची नसते. नोंदणी, कर, भविष्यनिर्वाह निधी, कामगार कायदे, ही कटकट तिला नको असते. ती कटकट आम्ही विकत घेतो. माणूस ते निवडतात, काम ते देतात, रजा ते मंजूर करतात. कागदावर मात्र तो आमचा कर्मचारी असतो. आमच्या ऑफिसात खुर्च्या अकरा. कागदावरची माणसं कित्येक शहरांत घरी बसून काम करतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही. नोंदणीसाठी एक पत्ता लागतो म्हणून कलम चारमध्ये आमचा पत्ता. इतक्या वर्षांत ते कलम कोणी वाचलं नव्हतं.

ही बाई सानपाड्याची. म्हणजे स्टेशनजवळच्या टॉवरमधली नव्हे, मूळ गावठाणातल्या घरची सून. उत्तर युरोपातल्या एका कंपनीसाठी ती तीन वर्षं दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत होती. चौथा महिना लागल्यावर तिने तिकडच्या मॅनेजरला सांगितलं, मला बाळ होणार आहे, पुढच्या कामाची आखणी आत्ताच करून ठेवू. दोन आठवड्यांनी त्या मॅनेजरचा मला मेल आला की तिचं काम समाधानकारक नाही आणि सामंजस्याने वेगळं होणं बरं. तीन महिन्यांपूर्वी त्यानेच तिच्या कामाची तारीफ करणारा मेल आम्हा दोघींना पाठवला होता. तोही माझ्याकडे होता.

सामंजस्याने म्हणजे राजीनामा. काढून टाकलं तर कायदा आड येतो, बाळंतपणाची रजा द्यावी लागते. राजीनामा दिला की काहीच आड येत नाही. राजीनामे घेणं हे माझं काम होतं आणि मला ते चांगलं जमायचं. व्हिडिओवर बोलायचं, आवाज खाली ठेवायचा, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ म्हणायचं, पुढच्या नोकरीत कोणी चौकशी केली तर आम्ही चांगलंच सांगू हेही म्हणायचं. माणसं सही करत. ज्या कंपनीला कधी पाहिलंच नाही तिच्याशी भांडायचं कुठे जाऊन, हे त्यांना सुचत नसे.

हिच्याशीही मी तसंच बोलले. ती ऐकत राहिली आणि विचार करून सांगते म्हणाली. शुक्रवारी तिकडच्यांनी तिचा लॅपटॉप बंद केला. सोमवारी ती इथे.

पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. ती डबा घेऊन आली होती. एक वाजता तिने मांडीवर रुमाल पसरून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, डबा आमच्याच बेसिनमध्ये धुतला आणि सहाला गेली. सुकटीचा वास माझ्या केबिनपर्यंत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे उभी राहून म्हटलं, की या हट्टाचा तुम्हाला काही फायदा नाही.

"मॅडम, मी हट्ट कुठे करते? ड्युटीवर आहे," ती म्हणाली. "काम द्या, करते."

मला ती आवडली नाही. आजही आवडत नाही. तिचा सूर असा होता की आपण काहीतरी चोरताना सापडलोय असं वाटावं, आणि चाळिशी ओलांडलेल्या, कारकुनीपासून वर आलेल्या बाईला तो सूर सहन होत नाही.

गुरुवारी मी ती खुर्ची उचलायला लावली. सकाळी ती आली, रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अर्ध्या तासाने पाहते तर ती प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेली. स्टूल पँट्रीतलं होतं. चहा करणाऱ्या मावशींना मी आत बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही खुर्ची काढायला सांगितली होती, स्टुलाचं काही बोलला नव्हता. आणि कपबशा उचलून गेल्या. पोटुशी बाईची खुर्ची मी काढली होती, हे मी इथे लिहून ठेवते. त्याला काही कारण जोडत नाही.

संध्याकाळी ती गेल्यावर मी खाली वॉचमनकडे गेले. म्हटलं, या बाईंना उद्यापासून वर सोडू नका. त्याने वही माझ्यापुढे फिरवली. आमच्या इमारतीत येणाऱ्याने नाव, कंपनी, कोणाला भेटायचं, आत आल्याची वेळ आणि बाहेर गेल्याची वेळ लिहून सही करायची असते. आम्ही रोजचे लोक कधी लिहीत नाही. तिने रोज लिहिलं होतं. कंपनीच्या रकान्यात आमचं नाव. कोणाला भेटायचं या रकान्यात, "कामावर". आत आठ पंचावन्न, बाहेर सहा. ठसठशीत अक्षरात, चार दिवस.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमच्याच कंपनीची पगाराची स्लिप दाखवते ती. अडवायचं तर लिहून द्या, अडवतो."

लिहून देता येत नव्हतं. आपल्याच कर्मचाऱ्याला कामावर येऊ देऊ नका, असा कागद मी माझ्या सहीने दिला असता तर तिला दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नसती. वही इमारतीच्या सोसायटीची होती, तिला मी हातही लावू शकत नव्हते. हा तिचा हजेरीपट होता आणि तो माझ्या ताब्यात नव्हता. जिना चढताना प्रथमच माझ्या लक्षात आलं की हिला हे कोणीतरी शिकवलंय.

कोणी शिकवलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. दुपारी वाशीला डॉक्टरकडे जायचं म्हणून तिची सासू तिला न्यायला आली. पासष्टीची, कडक, नाकात मोठी नथ. मी मुद्दाम बाहेर आले आणि म्हटलं, आजी, तुम्हीच सांगा सुनेला, या दिवसांत असं रोज येऊन बसणं बरं नाही.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, आमची जमीन या फॅक्टऱ्यांखाली गेली तवा घरटी एक नोकरी देतो, असा कागद दिलता," ती म्हणाली. "नोकरी देईनात. आमचा मानूस तो कागद घेऊन गेटवर बसला. दोन वर्सं, उन्हात. मग दिली. ही तर पंख्याखाली हाय. आमाला घाई नाय."

सून हसली. मावशीही पँट्रीच्या दारात उभ्या राहून हसत होत्या. मी केबिनमध्ये गेले.

त्याच दिवशी सरांनी मला बोलावलं. सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. त्यांचं म्हणणं साधं होतं. तो युरोपातला ग्राहक आणखी तीन माणसं घेणार होता, आणि रिसेप्शनमध्ये कोणीतरी धरणं धरून बसलंय हे त्याला कळायच्या आत हे मिटायला हवं होतं. राजीनामा देत नसेल तर काम समाधानकारक नाही असं लिहून काढून टाका, म्हणाले. मी विचारलं, सही कोणाची.

"तुमचीच. नेहमी कोणाची असते?" ते म्हणाले.

पत्र मी तयार केलं. छापून समोर ठेवलं आणि परक्याचं असल्यासारखं वाचलं. त्यात त्या युरोपातल्या कंपनीचं नाव एकदाही नव्हतं. मॅनेजरचंही नव्हतं. पत्राप्रमाणे या बाईचं काम मी पाहिलं होतं, मला ते पसंत पडलं नव्हतं, आणि ती पाच महिन्यांची पोटुशी असताना मी तिला काढत होते. ती कामगार आयुक्तांकडे गेली तर तिच्या हातात काय काय असेल ते मी मोजलं: नेमणूकपत्र, वॉचमनची वही, तारीफ करणारा मेल. माझ्या हातात हे एक पत्र. बाकीच्यांची नावं त्यात कुठेच नाहीत. इतकी वर्षं मी हीच व्यवस्था ग्राहकांना विकत होते, तुमचं नाव कुठेही येणार नाही म्हणून. नाव कोणाचं येतं याचा विचार करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

दया आली म्हणून मी थांबले, असं कोणी समजू नये. मी मूर्ख नाही म्हणून थांबले.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता, म्हणजे त्यांच्या सकाळी, मी त्या मॅनेजरला व्हिडिओवर घेतलं. सर शेजारी बसले होते. मॅनेजर तिशीचा असेल, मागे भिंतीवर सायकल टांगलेली. मी सांगितलं की ती राजीनामा देत नाही आणि काढण्याचं कारण लेखी, तुमच्या सहीने द्या. तो गोड हसला. असं काही आम्ही लिहून देत नाही, म्हणाला. मग त्याने जे म्हटलं ते त्याला फार सोयीचं वाटलं असणार.

"कायद्याने ती तुमची कर्मचारी आहे. आमचा यात काही संबंध नाही."

"बरोबर," मी म्हटलं. "मग तिला ठेवायचं की काढायचं हे मी ठरवणार. मी काढत नाही. रजा संपेपर्यंत ती आमच्याकडे आहे, आणि आपल्या कराराप्रमाणे तोवर तिचा पगार द्यायला तुम्ही बांधलेले आहात."

तो सरांकडे पाहू लागला. सरांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय लावला. मी करारातलं पान वाचून दाखवलं. तेही मीच लिहिलेलं होतं, आणि कलम चारपेक्षा बरंच काळजीपूर्वक. त्याने कॅमेरा बंद केला आणि आमच्या वकिलांशी बोलतो म्हणाला. वकिलांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण आठवड्याभरात मेल आला. ती रजा संपेपर्यंत त्यांच्याकडे राहील, लॅपटॉप मात्र चालू होणार नाही. नवी तीन माणसं आता नकोत.

सर महिनाभर माझ्याशी फक्त मेलवर बोलले. आमच्या दोन केबिनींच्या मध्ये फक्त एक काच आहे.

मी तिला जाऊन सांगितलं, तुम्ही घरी बसा, नोकरी आहे, रजाही मिळेल. वाटलं होतं ती उठेल. ती म्हणाली, "लेखी द्या."

लेखी द्यायला चार दिवस लागले, कारण मंजुरीसाठी पाठवलेला कागद सर परत करत राहिले. ते चार दिवसही ती आली. फुकट बसलीच आहे तर म्हणून मी तिच्यापुढे जुन्या नेमणूकपत्रांचा ढीग टाकला, तारखेप्रमाणे लावा म्हटलं. तिने दोन दिवसांत लावला आणि आठ पत्रांत नोटिशीची मुदत दोन ठिकाणी वेगवेगळी लिहिली आहे हे कागदाला खुणा लावून दाखवलं. मसुदा माझाच होता. आभार मी मानले नाहीत, तिनेही अपेक्षा ठेवलेली दिसली नाही.

शेवटच्या दिवशी मी तिला पत्र दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि एक तारीख चुकलीय म्हणून परत केलं. चुकलीच होती. मी दुरुस्त करून छापून आणलं. तिने घडी घालून पिशवीत ठेवलं, स्टूल उचलून पँट्रीत नेऊन ठेवलं, मावशींशी दोन मिनिटं काहीतरी बोलली आणि परत माझ्या दारात आली.

"कलम चार बदलाल ना आता?" तिने विचारलं.

मी टेबलावरचे कागद आवरू लागले.

"मी तुमच्या जागी असते तर बदललं असतं," ती म्हणाली आणि गेली. खाली वहीत बाहेर गेल्याची वेळ लिहून गेली, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

तिला मुलगी झाली, हे मला रजेच्या अर्जासोबत आलेल्या दवाखान्याच्या कागदावरून कळलं. पेढे आले ते मावशींसाठी. रजा संपल्यावर तिने स्वतःहून राजीनामा पाठवला, दोन ओळींचा. तिला ऐरोलीला एका कंपनीत नोकरी मिळाली होती, जिथे जाऊन बसायला टेबल आहे, असं मावशी म्हणाल्या.

कलम चार मी ती गेली त्याच संध्याकाळी उघडलं. आमचा पत्ता काढला आणि तिथे लिहिलं: कर्मचाऱ्याचे राहते घर. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका ग्राहकासाठी तीन नेमणूकपत्रं नव्या मसुद्यावर गेली. तिघांनाही मी मेलमध्ये लिहिलं की सही करण्याआधी सर्व कलमं नीट वाचावीत. अर्ध्या तासात तिन्ही सह्या मोबाईलवरून परत आल्या.