पाण्याचा प्रश्न कुठल्या ग्रुपमध्ये?

आमच्या शहरातल्या विज्ञान मंडळाचा व्हॉट्सॲपवर एकच ग्रुप होता, तेव्हा बरं चाललं होतं. कोणी कोसाडहून चंद्राभोवतीच्या खळ्याबद्दल विचारायचं, कोणी पर्वत पाटियाच्या दुकानातून साड्या खाणाऱ्या किड्यांबद्दल, आणि ज्याला येईल तो उत्तर द्यायचा. मग आमच्या अध्यक्षांना, म्हणजे एका निवृत्त इंजिनियरना, शिस्त सुचली. म्हणे, विषयवार ग्रुप हवेत! नावं ठरवण्यात रविवारचे रविवार गेले. 'आकाश' ठेवलं तर लोक विमानांचे फोटो टाकतील, म्हणून 'खगोल'. 'शरीर' बरं दिसत नाही, म्हणून 'आरोग्य'. मी म्हटलं, "अहो, आधी लोकांना विचारू तर द्या, मग कप्पे पाडा." पण माझं ऐकतंय कोण! वर नियम केला: भलत्या ग्रुपमधला मेसेज ॲडमिन काढून टाकणार.

तेवढ्यात ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. माझी भाची भेस्तानला दिलेली, सातवा महिना चालू होता. सासूबाईंनी वेध लागल्यापासून तिला आतल्या खोलीत बसवलं. ग्रहण सुटेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. इथे दिवाळीतसुद्धा पंख्याखाली घाम फुटतो हो! दुपारी तिने 'खगोल'वर लिहिलं, "ग्रहणात गरोदर बाईने पाणी प्यायलं तर बाळाला काही होतं का?"

अध्यक्षांनी इथल्या गुजराती वळणाने कळवलं, "बेन, हा आरोग्याचा विषय. कृपया तिकडे विचारा." आणि मेसेज काढला. बिचारीने तिकडे विचारलं. तिथल्या ॲडमिनबाईंनी हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं, "ग्रहणाचे प्रश्न 'खगोल'वर." तिथलाही मेसेज गेला. 'पी गं बाई, काही होत नाही,' एवढं लिहायला काय यांची बोटं झिजत होती?

मी तेव्हा कोसाडच्या मैदानात लोकांना ग्रहण दाखवत होते, पुठ्ठ्याला भोक पाडून कागदावर. फोन पिशवीत. संध्याकाळी भाचेजावयांचा फोन आला, ती चक्कर येऊन पडली, सलाईन लावलंय. मी तशीच रिक्षात बसले. बाळ ठीक होतं. जीव भांड्यात पडला आणि मी तिच्यावरच डाफरले, "मला का नाही गं विचारलंस? मी सांगितलं असतं ना!"

"मावशी, तुझं सासूबाईंनी मानलंच नसतं. माहेरची बाई लाड करणारच, म्हणाल्या असत्या. मंडळाने लिहिलं असतं तर मी त्यांना दाखवलं असतं. फोन हातातच धरून बसले होते."

माझं डोकंच फिरलं. तिच्या खाटेवर बसूनच मी सगळ्या ग्रुपवर एकच वाक्य टाकलं: ग्रहणात गरोदर बाईने पाणी प्यायचं, बाळाला काही होत नाही. भाचीने सलाईनचा हात सांभाळत स्वतःचा फोन उघडला, सासूबाईंना दाखवायला. तोवर 'खगोल'वरून अध्यक्षांनी ते काढून टाकलं होतं.