लाल न दिसणारी फिल्म

सोलापूरच्या उन्हानं माणसं रापली नसतील तेवढी आमच्या आतोबांनी एकट्यानं काळी केली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, थिएटरात सिनेमाच्या मशीनवर नोकरीला. फोटोचा नाद जबर; पण दुकानातला रोल त्यांना परवडत नसे आणि, ते म्हणत, पटतही नसे. "सिनेमाच्या फिल्मवर माणूस हलतंय, नाचतंय, रडतंय. तुमच्या रोलात नुसतं उभं ऱ्हातंय. मग भारी कोण?" म्हणून सिनेमाच्या प्रती जिच्यावर छापतात त्या काळ्यापांढऱ्या कोऱ्या फिल्मची उरलेली टोकं मुंबईहून ओळखीनं मागवायची, कात्रीनं कापायची आणि रिकाम्या डबीत गुंडाळून कॅमेऱ्यात घालायची.

या फिल्मचे गुण दोन. एक म्हणजे ती भलती मंद. आतोबा "हालू नका" म्हणून बाराखडी सुरू करत आणि ती संपेपर्यंत पापणी लववायची सोय नव्हती. एका फोटोत मला तीन कान आहेत. दुसरा गुण, तिला लाल दिसतच नसे. ओठ काळे, कुंकू काळं, गाल भाजलेल्या वांग्यासारखे. शेजारच्या नव्या नवरीचा लाल शालू असा आला, की आत्या म्हणाली, "अवो, ह्यो लग्नाचा फोटो हाय का तेराव्याचा?" पण त्याच गुणापायी लाल दिवा लावून फिल्म स्वयंपाकघरात धुता यायची. खिडकीला दोन चादरी, ओट्यावर आत्याची पातेली, आणि दिव्याच्या बटनापाशी मी. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो, म्हणजे अक्कल आलेली असायला हरकत नव्हती.

आत्या एकदाच फोटोला बसली आणि कोळशासारखी आली. त्यानंतर नाव काढलं की म्हणे, "आरशात मी बरी दिसते. तितंच बघा." हे आतोबांच्या फार मनाला लागलं होतं. तिला तिच्या रंगात एकदा दाखवायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली.

मग करकंबला कुठलंसं शूटिंग आलं. आतोबा तिथं दोन दिवस तळ ठोकून राहिले आणि खऱ्या शूटिंगच्या फिल्मचा एक तुकडा घेऊन आले. हीपण काळीपांढरीच, पण हिला लालसकट सगळे रंग दिसत. बदल्यात तिथल्या कॅमेऱ्यावरच्या माणसाला आत्याच्या शेंगाचटणीची अख्खी बरणी गेली होती. आत्या लाल इरकल नेसून उंबऱ्यावर बसली. बाराखडीतला 'क' म्हणायच्या आत एकेक फोटो निघाला. सगळा तुकडा त्यांनी तिच्यावरच संपवला.

धुताना आतोबांनी बजावलं, "भाचेबुवा, आज अंधारच. हिला लाल दिसतंय."

"व्हय," मी म्हणालो.

फिल्म पातेल्यात गेली. थोड्या वेळानं अंधारातून आतोबांचा आवाज आला, "किती मिन्टं झाली वो?" घड्याळ बघायला मी सवयीनं बटन दाबलं.

लाल उजेडात आतोबा माझ्याकडे बघत राहिले. मग ओला हात वर करून त्यांनीच दिवा घालवला.

दाराबाहेर आत्या उभी होती, इरकल न सोडता. "कशी आले वो मी?"

फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती. आतोबा म्हणाले, "शिळी निघाली गं फिल्म."

"शिळी फिल्म देऊन ताजी चटणी नेली की मेल्यानं."

मी पातेलं विसळत होतो. ते बराच वेळ विसळलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात आत्या गेली. करकंबच्या त्या माणसाला ती शेवटपर्यंत शिव्या देत होती आणि मी ऐकत होतो. तेराव्याला हार घालायला घरात तो एकच कोळशाचा फोटो निघाला. येणाऱ्या प्रत्येकाला आतोबा समजावत, "एवढी काळी नव्हती ती. फिल्मला लाल दिसत न्हाय."

मंडळी गेल्यावर मी म्हणालो, "आतोबा, दिवा मी लावला, हे आत्याला सांगायला हवं होतं."

"कशाला? भावाचं पोर तुमी. तिला चटणीचं दुःख पुरं होतं."

मग त्यांनी कपाटातून ती काळी पट्टी काढली. खिडकीशी नेऊन माझ्या हातात दिली. "बघा. बसलीय की ती हितं. उजेड जरा जास्त झाला, एवढंच."

मी पट्टी उन्हासमोर धरली. इरकलीचा काठसुद्धा दिसेना.

"दिसतीय की," मी म्हणालो.