झोपलेल्या ड्रायव्हरचे पाय

लांब पल्ल्याच्या ट्रकवर होतो तेव्हा आमचा एक कायदा होता. झोपलेल्या ड्रायव्हरला हात लावायचा नाही. केबिनच्या दरवाज्यावर दोन थापा मारायच्या, मागे सरायचे आणि लांबून हाक द्यायची, "उस्ताद, उठा." जो अंगाला हात लावतो तो आपला माणूस नव्हे, आणि त्याच्याशी बोलत बसायचे नसते. हा कायदा गोव्यापासून पार पंजाबपर्यंत चालतो. मुळगावातल्या आमच्या घरात मात्र तो कोणाला ठाऊक नव्हता, कारण घरी झोपायला मी असायचो कधी?

कायदा मला अंगावर मार खाऊन शिकावा लागला. उत्तरेकडे माल उतरवून आम्ही परतत होतो. जोडीला सावंतवाडीकडचा एक वयस्कर ड्रायव्हर होता, शांत माणूस, शिवी देतानासुद्धा हळू बोलणारा. भर दुपारी उन्हाने डोके फुटायची वेळ आली म्हणून हायवेच्या कडेला गाडी लावली. तो गाडीखाली सावलीला आडवा झाला. मी केबिनमध्ये, दार उघडे, पाय बाहेर. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी माझे दोन्ही घोटे धरले. मला वाटले, म्हातारा मस्करी करतोय. पुढच्या क्षणी मला खाली ओढले, डोके पायरीवर आपटले आणि तोंडात रक्त आणि माती एकदम आली. तिघे होते. एकजण माझ्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि दुसरा डिझेलच्या टाकीला नळी लावत होता, अगदी आरामात, आपल्याच परसातल्या माडाला पाणी घालावे तसा. म्हाताऱ्याच्या जबड्यावर त्यांनी दगड घातला होता. गाडी मीच हाकत आणली. तो शेजारी बसून वाटभर टॉवेलात रक्त थुंकत होता. अजून तो पेजेवर आहे आणि ट्रकचे नाव काढले की उठून आत जातो.

त्या दिवसापासून मी टामी हातात धरून झोपू लागलो. टामी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. नंतर दोनदा ती चालवलीही. एकदा चोरावर, आणि एकदा ज्याच्यावर चालवली तो बहुधा नुसता पत्ता विचारायला आला होता. कोण जाणे. मी थांबून विचारले नाही.

शेवटी नोकरी सोडली. आता दुधाचा टेम्पो चालवतो. सकाळी मये, मुळगाव फिरून कॅन गोळा करायचे आणि साखळीला पोचवायचे. ऊन चढायच्या आत मी मोकळा. त्या मोकळ्या वेळाचे सुख मी काय सांगू! बाजारात जाऊन स्वतः बांगडे निवडायचे, कोळणीशी भांडायचे, घरी येऊन स्वतः साफ करायचे. संध्याकाळी देवळाजवळच्या मैदानात व्हॉलीबॉल. तिथे मी चेंडू असा हाणायचो की समोरचे तोंड चुकवायचे. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, यावरून एका शिक्षकाची कॉलर धरली, तेव्हा लोकांनी मला हसत हसत सोडवले. "उस्ताद अजून हायवेवरच आसा," म्हणाले. मीही हसलो. 

सगळ्यांत मोठे सुख दुपारच्या झोपेचे. उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचे हुमण जेवून मी दारापुढच्या सिमेंटच्या बाकावर, आमच्याकडे म्हणतात त्या सोप्यावर, आडवा व्हायचो. टामी सोप्याखाली, हात खाली सोडला की सापडेल अशी. बायको कुरकुरायची.

"ती टामी घरात कित्याक? टेम्पोत ठेवा. हय कोण येतलो तुमका मारूक?"

"नको तेवढे बोलू नकोस," मी म्हणायचो. बरोबर होते तिचे. म्हणूनच मला राग यायचा.

मुलीला पणजीत एका खाजगी दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. पहिल्या दिवशी दुपारची पाळी होती. तिच्या शाळेच्या, कॉलेजच्या प्रत्येक परीक्षेला मी कुठल्यातरी टोलनाक्यावर असायचो आणि ती फोनवर म्हणायची, "पप्पा, पाया पडतंय." मी फोनवरच म्हणायचो, "यशस्वी हो." या वेळी मी घरी होतो. सकाळीच तिला बजावले, जाताना मला उठव, उभा राहून आशीर्वाद देईन. आमच्यात आडव्या माणसाच्या पाया पडत नाहीत. तसे फक्त मेलेल्याच्या पडतात.

तिला ते माहीत होते. पण मी गाढ झोपलो होतो आणि तिला माझी दया आली. इतकी वर्षे पप्पाला झोप मिळाली नाही, झोपू दे, असे तिला वाटले. नवा ड्रेस घालून, खांद्याला पर्स लावून ती वाकली आणि हळूच माझ्या दोन्ही पायांना हात लावला.

मी आधी लाथ मारली. ती तिच्या छातीत बसली. मग हात खाली गेला आणि टामी आपसूक वर आली. तिने तोंड वाचवायला हात आडवा धरला. तो मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि मी थांबलो नाही. टामी पुन्हा उचलली होती. समोर मला ऊन दिसत होते, गाडी दिसत होती, तिघेजण दिसत होते. मग कोणीतरी म्हणाले, "पप्पा." ओरडून नाही, अगदी हळू.

बायको परसातून धावत आली. दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने माझ्या तोंडात मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मग पुन्हा मारली. मी टामी खाली टाकली, तेव्हा ती थांबली.

टेम्पोतूनच मुलीला दवाखान्यात नेले. ती खिडकीला चिकटून बसली होती. गिअर टाकायला माझा हात तिच्या बाजूला गेला की ती गुडघे आखडून घ्यायची. मी शक्य तितके एकाच गिअरमध्ये नेले, गाडी बोंबलत होती. डॉक्टरने विचारले, कसे झाले? माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "न्हाणीत पडलंय." त्या क्षणी मला जमीन फाटून आत जावेसे वाटले. डॉक्टर माझ्याकडे बघत होता. त्याने मला विचारले असते तर मी खरे सांगितले असते. त्याने विचारले नाही.

टामी मी टेम्पोत ठेवून दिली, जिथे तिची जागा आहे तिथे. आणि त्याच आठवड्यात दोघींना समोर बसवून तो कायदा सांगितला. दोन थापा, मागे सरणे, लांबून हाक. मुलगी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ऐकत होती. बायको म्हणाली, "आधी कित्याक नाय सांगलात?" 

नोकरीवाल्यांनी तिच्यासाठी जागा राखून ठेवली, हे नशीब. प्लास्टर निघाले आणि पुन्हा पहिला दिवस आला. दुपार होती, मी सोप्यावर झोपलो होतो. दाराच्या चौकटीवर दोन थापा पडल्या. मग लांबून, अंगणाच्या पायरीवरून, हाक आली.

"उस्ताद, उठा."

मी ताडकन उठून उभा राहिलो. मुलगी तोच ड्रेस घालून उभी होती. मी हसून म्हटले, "ये." ती आली आणि वाकली. वाकताना तिची नजर माझ्या पायांवर नव्हती, हातांवर होती. उजवा हात मी तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला होता. तो तिथूनच परत घेतला, पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. "यशस्वी हो," मी म्हटले, फोनवर म्हणायचो तसे.