मावशीचा अंगठा

माझ्या औंढ्याच्या मावशीला तिचा दीर ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो मला. मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तरीण. सुटीत जाऊन मी तिच्याकडून तिचं नाव गिरवून घ्यायची. “अंगठा लावणं सोड आता, मला लाज वाटते,” असं मी तिला तोंडावर म्हणाले होते.

मग एक दिवस दिराने कागद काढला. तिने आपलं भाताचं खाचर त्याला विकलं, असं त्यात लिहिलेलं आणि खाली म्हणे तिचा अंगठा! मावशी विधवा, एकटी. खाचर गेलं की गावात तिला उभं राहायला जागा उरणार नव्हती. मावशीने कचेरीची पायरीही चढली नव्हती. खरेदीखत नोंदवायला तिच्या नावाने जी बाई गेली होती ती म्हणे पदर तोंडावर ओढून बसली होती. विधवेला पदर वर कर म्हणून कोण सांगणार? दोन साक्षीदारांनी ‘हीच ती’ म्हटलं, काम झालं. मी तर हातपाय गाळून बसले.

“आगं, रडती कशापायी?” मावशी मला म्हणाली. “माज्या आंगठ्यावर चक्र हाय. आईनं न्हानपनीच बगून ठेवलंय. तितला आंगठा बगा म्हनावं.”

दिराने बाई जुळत्या उंचीची शोधली, लुगडंही तसंच नेसवलं. अंगठ्याचा विचार मात्र केला नाही. अडाण्याचा अंगठा म्हणजे काळा डाग, ह्याचा काय नि त्याचा काय! खरं सांगते, मीही तेच समजत होते.

आम्ही दावा लावला. तालुक्याच्या कोर्टात पुण्याहून ठसे ओळखणारे साहेब आले. भातलावणी नुकतीच आटोपलेली, मावशीची बोटं चिखलाने सोलवटलेली. पहिला ठसा फिसकटला. दुसराही. दीर मिशीत हसला. मावशीने अंगठा पदराला खसाखसा पुसला आणि तिसऱ्यांदा दाबला. साहेबांनी भिंग धरलं. दिराच्या कागदावर शंख, मावशीच्या अंगठ्यावर चक्र!

“कागदावरचा अंगठा या बाईंचा नाही,” साहेब म्हणाले. मला भर कोर्टात नाचावंसं वाटलं.

खाचर मावशीचंच राहिलं. निकालाची नक्कल घेताना कारकुनाने सही मागितली. मी ऐटीत टाक पुढे केला. नाव तिला आता झकास येत होतं. तिने टाक बाजूला सारला आणि अंगठा शाईत बुडवला.

“सही काय, कुनीबी गिरवंल,” दिराकडे बघत ती म्हणाली. “ह्यो मातुर माजाच हाय.”

मी टाक पिशवीत ठेवला.