आतोबांची जीभ

माझ्या आतोबांच्या जिभेइतकी हुशार जीभ परमेश्वराने नंतर पुन्हा घडवली नाही, आणि चुकून घडवली असेलच तर ती भाईंदरच्या बाहेर कुठेतरी वाया गेली असणार. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान, खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम. अंगाने काटकुळे, उन्हाने भाजून निघालेले आणि पाय मात्र गुडघ्यापर्यंत मिठाने पांढरे; लांबून पाहिलं तर एखादा माणूस मोजे घालून चिखलात उतरलाय असं वाटे. मी तेव्हा नवघरच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. वयाने त्यांच्या निम्मा, पण ते मला 'मास्तर' म्हणूनच हाक मारत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवत उन्हात आटवायचं आणि मीठ धरलं की लाकडी फावड्याने ओढून काढायचं, एवढंच मिठागराचं शास्त्र. पण ओढायचं केव्हा? घाई केली तर हाती काही लागत नाही, उशीर केला तर मीठ कडवट होतं. दुसऱ्या आगरांवर यासाठी चार जाणती माणसं बांधावर बसून भांडत. आमच्याकडे आतोबा एकटेच उकिडवे बसत, करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावत, डोळे मिटत आणि सांगत, "सूर्य त्या ताडाच्या शेंड्याला टेकला की धरंल." सूर्य ताडाला टेकला की मीठ धरे. एकदा सूर्य पोचायच्या आधीच मीठ धरलं, तर आगरावरच्या लोकांनी सूर्याला नावं ठेवली; आतोबांवर संशय घ्यावा असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

ही जीभ आगरावरून घरी आली तरी स्वस्थ बसत नसे. नवघरातल्या काही रिकामटेकड्यांनी एकदा सात विहिरींचं पाणी सात तांब्यांत भरून त्यांच्यापुढे ठेवलं. सहा विहिरी त्यांनी मालकांच्या नावांसकट ओळखल्या. सातव्या तांब्यावर थबकले, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यात दोन विहिरी हायेत." चौकशी केली तेव्हा पाणी आणणाऱ्या बाईने कबूल केलं, की तांब्या वाटेत हिंदकळला म्हणून उरलेला तिने जवळच्या विहिरीवर भरून घेतला होता. लग्नात तर आचारी त्यांना बघून घामाघूम होत. माझ्या चुलतबहिणीची पाठवणी चालली होती, मुलगी धाय मोकलून रडत होती, मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आतोबांनी मायेने तिच्या गालावरचं पाणी बोटाने पुसलं, सवयीने बोट जिभेला लागलं आणि भर मांडवात त्यांनी जाहीर केलं, "काळजी करू नका रं, निम्मं पानीच हाय. पोर खुशीत हाय." मुलगी रडता रडता फिस्कन हसली. सासरच्यांनी मात्र त्यानंतर बरीच वर्षं त्यांना कुठल्या कार्याला बोलावलं नाही.

दुसरी सवय पायांची. मिठाच्या वाफ्याचा तळ हंगामाआधी पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा बसवावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. पोरवयापासून हे करत आलेल्या माणसाला पायाखालच्या कुठल्याच जमिनीचा भरवसा वाटत नाही. आतोबा कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याच्या आत उभे राहून चार वेळा पाय आपटत, मग नमस्कार करत. स्वतःची सोयरीक जुळवायला आमच्या घरी आले तेव्हाही त्यांनी हे केलं होतं. आत्या सांगे, "मला वाटलं ह्यांना मुलगी पसंत न्हाय म्हणून थयथयाट चाललाय."

आणि एक होती उत्तनची कत्रीनबाय. मासळी खारवून सुकवायचा तिचा मोठा पसारा, सहा मुलं, नवरा तारवावर. बैलगाडी घेऊन ती मीठ न्यायला यायची आणि आतोबांनी चाखून दिल्याशिवाय एक टोपली उचलायची नाही. दोघांचं बोलणं म्हणजे नुसतं भांडण. ती म्हणायची, "मुकादमा, तुझ्या जिभेवर माझी सुरमई टिकते, म्हणून तुझं तोंड ऐकून घेते." ते म्हणायचे, "सुरमईला बोलता येत न्हाय म्हणून टिकते. तू न्हाय टिकायचीस."

लढाईच्या दिवसांत एक गोरा साहेब वरसाव्याच्या बाजूला बदकं मारायला आला. बदकांनी त्याला दाद दिली नाही, म्हणून फिरत फिरत आमच्या आगरावर पोचला. इंग्रजी येणारा म्हणून मला शाळेतून बोलावून नेलं. आतोबांनी करंगळी चाटून ताडाकडे बोट दाखवलं, मी त्याचं भाषांतर केलं आणि साहेब हातात घड्याळ धरून बांधावर उभा राहिला. सूर्य ताडाला टेकला आणि पाण्यावर साय धरावी तसं मीठ धरलं. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं आणि घड्याळ खिशात टाकलं. त्याची मुंबईला, कोट भागात कंपनी होती. विलायतेहून डब्यातलं मीठ यायचं बंद झालं होतं, म्हणून ही कंपनी इथलंच मीठ धुऊन, दळून, डब्यात भरून बोटींना आणि हॉटेलांना पुरवत होती. ते विलायती मिठासारखं लागतंय की नाही हे सांगायला त्याला एक जीभ हवी होती. पगार मुकादमीच्या सहापट, राहायला खोली, खोलीत पंखा.

आतोबा हो म्हणाले ते आत्यासाठी. संसाराची पंचवीस वर्षं तिने गवताने शाकारलेल्या छपराखाली काढली होती आणि दर पावसाळ्यात घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडली होती. तिला मंगलोरी कौलं हवी होती, बाकी तिने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आतोबांनी मुकादमी सोडली, ती जागा दुसऱ्याला गेली, आणि पुढच्या पावसाआधी घरावर कौलं चढली. आत्या अंगणात उभी राहून तासतासभर छपराकडे बघायची. शेजारणी तिला 'साहेबीण' म्हणू लागल्या आणि ती ते आवडत नसल्यासारखं दाखवू लागली.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी आतोबांनी कचेरीत शिरून चार वेळा पाय आपटले. खालच्या मजल्यावर हेडक्लार्कच्या दौतीत छताचा पोपडा पडला. मग त्यांच्यापुढे काचेच्या बरणीत शेवटचं विलायती मीठ आणि बशीत कंपनीचं मीठ ठेवलं गेलं. त्यांनी दोन्ही चाखलं आणि म्हणाले, "हे मीठ न्हाय. हे नुसतं पांढरं हाय." हेडक्लार्कने साहेबाला सांगितलं, की मुकादमांना फार आवडलं. त्यानंतर रोज चाळीस बशा. प्रत्येक बशीत तेच मीठ, एकाच यंत्रातून निघालेलं, कालच्यासारखं आणि उद्यासारखं. आतोबांनी "तसंच हाय" म्हणायचं आणि हेडक्लार्कने खूण करायची. जीभ स्वच्छ राहावी म्हणून मिरची बंद, मासळी बंद, लसूण, तंबाखू बंद. कंपनीच्या खर्चाने उकडलेला बटाटा, पाव आणि दूध. दर दोन तासांनी कोमट पाण्याच्या चुळा. थोडक्यात, कंपनीने नोकरीवर ठेवली होती ती जीभ. बाकीचे आतोबा तिला सोबत म्हणून जात असत.

शनिवारी संध्याकाळी ते घरी येत. कसं चाललंय विचारलं की म्हणत, "बरं चाललंय. पंखा हाय." एवढंच. पूर्वी एका विहिरीवर तासभर बोलणारा माणूस अख्ख्या मुंबईबद्दल दोन शब्दांपलीकडे जाईना. रविवारी आगराच्या बांधावर जाऊन बसत, पण करंगळी बुडवत नसत. नवा मुकादम भिडेखातर विचारी, "दादा, चाखताय काय?" तर म्हणत, "तू हायस ना."

असं वर्ष गेलं. कत्रीनबाय मात्र नव्या मुकादमाला मुळीच मोजत नव्हती. ती मुद्दाम रविवार गाठून यायची आणि आतोबांकडूनच रास चाखून घ्यायची. अशाच एका रविवारी त्यांनी चिमूट तोंडात टाकून "ने" म्हटलं आणि तिने गाडी भरली. पुढच्याच्या पुढच्या रविवारी ती मासळीची पाटी घेऊन थेट घरी आली. आल्या आल्या भांडण नाही, काही नाही. आतोबा नुकतेच जेवून ओटीवर बसले होते आणि मी आपल्या घरून जेवून त्यांच्याशेजारी येऊन टेकलो होतो. तिने सुरमईचा एक तुकडा काढला, आत्याकडून निखाऱ्यावर भाजून घेतला आणि आतोबांच्या हातात दिला.

"खा."

आतोबांनी खाल्ला. "बरी हाय की."

कत्रीनबायने उरलेला तुकडा मला दिला. मी तोंडात घातला आणि अंगणात जाऊन थुंकून आलो. कडूजहर. त्या मिठाने हंगामभराची मासळी तशी झाली होती.

"मुकादमा," ती हळू म्हणाली, "सगळी फेकली रं मी. त्याचं न्हाय काही. पण तुला कळंना?"

आतोबांनी पुन्हा तुकडा मागितला. पुन्हा चावला. मग दाराशी उभ्या असलेल्या आत्याकडे बघितलं. आत्याचा पदर तोंडाशी गेला होता.

"तीन रविवार झाले," ती म्हणाली, "आमटीत मीठ न्हाय घातलं मी. पयल्यांदा इसरले. तुमी काही बोललात न्हाय, म्हणून मग... बघावं म्हटलं. आजपन न्हाय."

"आज छान झाली म्हणालो की गं मी."

"तेच तर."

"मग बोललीस का न्हाय?"

आत्याने वर पाहिलं. तिथे नवी कोरी कौलं होती.

माणसं हातपाय गमावतात तेव्हा निदान आरडाओरडा होतो. आतोबा नुसते जीभ दातांमागे फिरवत बसले होते, घरात हरवलेली वस्तू शोधावी तशी. मग म्हणाले, "मास्तर, कागद काढ. इंग्रजीत लिव. मुकादम येत न्हाय."

"आतोबा, जरा विचार करा. मुकादमीची जागा आता नाही. मजुरी करावी लागेल."

"मग काय, फावडं काय मला चावतंय?"

मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "लिव रं. कौलं काय ते लोक उतरवून नेनार हायेत?"

साहेबाला माणूस सोडवेना. त्याने पगार वाढवून बघितला आणि वर कंपनीचा डॉक्टर पाठवला. डॉक्टरने बॅटरी लावून आतोबांची जीभ तपासली, बाहेर काढायला लावली, आत घ्यायला लावली, आणि अशी निरोगी जीभ आपण उभ्या कारकिर्दीत पाहिली नाही असा निर्वाळा दिला. आतोबांनी तो शांतपणे ऐकला आणि त्याला जेवायला बसवलं. त्या दिवशीची आमटी आत्याने मुद्दाम अळणी केली होती. डॉक्टरने पहिल्याच घासाला मीठ मागितलं. "तुमची चांगली हाय," आतोबा म्हणाले, "तुमीच जावा नोकरीला." डॉक्टर मान खाली घालून जेवला आणि गेला.

पुढच्या हंगामात आतोबा आपल्याच जुन्या आगरावर, आपल्याच हाताखाली शिकलेल्या मुकादमाच्या हुकमात वाफे तुडवायला उतरले. कत्रीनबाय दर आठवड्याला सुकट आणि तिखटजाळ चटणी आणून समोर बसून त्यांना खायला घालायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण चव यायची नाही. माघात एक दिवस ते सगळ्यांच्या शेवटी बांधावर उरले आणि कुणी बघत नाहीसं बघून त्यांनी करंगळी बुडवली. मी बघत होतो. खूप वेळ त्यांचे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, कडू लागतंय रं," आणि एखाद्याने साखरेचं नाव घ्यावं तसं ते तोंडभर हसले.

पण सगळी चव काही परत आली नाही. विहिरी पुन्हा ओळखता आल्या नाहीत. पाणी चाखून ते "आज धरंल" किंवा "उद्या धरंल" एवढंच सांगत. ताडाच्या शेंड्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मुकादमीही परत मिळाली नाही. बांधावर मात्र ते पुन्हा पहिल्यासारखे बडबडू लागले, आणि फावडं ओढताना सगळ्या आगराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कत्रीनबायशी भांडू लागले.

आत्या रोज दुपारी स्वतः भाकरी घेऊन आगरावर यायची. उन्हात उभी राहून त्यांच्या पहिल्या घासाकडे बघत राहायची. ते चावत, क्षणभर थांबत आणि काहीतरी नाव ठेवत: मीठ जरा कमी पडलं, आज कोकम जास्त झालं. तेव्हा कुठे ती बसायची. एखाद्या दिवशी ते नुसतेच जेवू लागले की तिचा चेहरा उतरायचा, आणि मग दोन घास झाल्यावर ते म्हणायचे, "आज काय मिठाचा हात आखडलास काय गं?" अशा वेळी खरंच मीठ कमी असे की नाही, हे मी कधी चाखून पाहिलं नाही. डबा हाताशी असायचा. पण पाहिलं नाही.