दोन्हीकडचं वकीलपत्र

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची म्हणून पडलेलं नाव. पुढे वकील झाली, काळा कोट अंगावर आला, केसांत पांढऱ्या बटा आल्या, तरी पाय काही ठरेनात. कोर्टात वकिलांच्या खोलीत बाकीचे खुर्च्यांत पसरलेले असत आणि ही आपली खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत.

"बाई, फरशी झिजली तर भरपाई कोण देणार?" शेजारच्या टेबलावरचे जाडे वकील विचारत.

"दावा लावा," ती चालता चालताच म्हणे.

फार मोठी वकील नव्हती ती. भाडेकरूंची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, सामाईक भिंती, कोणाच्या मोरीचं पाणी कोणाच्या अंगणात जातं, असली कामं. पण एकदा अशिलानं वकीलपत्रावर सही केली, म्हणजे 'ही माझ्या बाजूनं उभी राहील' असं लिहून दिलं, की ती त्याचीच. मग समोरचा रडो की पाया पडो. या एका गोष्टीचा तिला ताठा होता.

आणि नेमकं तिनंच एका संध्याकाळी दोन्हीकडचं काम अंगावर घेतलं.

शाळेच्या मुख्याध्यापिकेनं तिला बोलावलं होतं. वरच्या वर्गातल्या काही मुलांना वकील व्हायचं होतं, त्यांना चार गोष्टी सांगायच्या होत्या. त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलांनी पुढची शाखा कोणती ते शाळेला कळवायचं होतं. त्या मुलांत तिची भाचीही होती.

निरोप आला त्याच दिवशी भावानं तिला दुकानात बोलावून घेतलं. वरच्या मजल्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो एका चष्म्याच्या दांडीत मुंगीएवढा स्क्रू बसवत होता.

"भिंगरे, बस."

"बसते," म्हणाली आणि आरशांच्या रांगेपुढून फिरू लागली.

"शाळेत बोलणार आहेस ना? मग पोरीच्या डोक्यातलं ते वकिलीचं खूळ काढ. मी सांगून थकलो. तिला भाषा न् इतिहास घ्यायचाय. विज्ञान घे म्हणावं, डोळे तपासायला शीक म्हणावं. दुकान आयतं आहे."

"मी काय सांगणार, दादा?"

"खरं सांग. निकालाच्या दिवशी तुला घास उतरतो का, ते सांग. तू दावा हरलीस आणि त्या म्हातारीचं घर गेलं, तेव्हा तू किती दिवस आमच्या पायरीवर येऊन बसायचीस, आठवतंय? हाक मारली तरी ओ नाही." त्यानं मान वर न करता स्क्रू पिळला. "तुझ्यासारखी नको व्हायला ती."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं परतवला असता.

"बघते," ती म्हणाली. भावाला तो होकार वाटला. त्यानं समाधानानं चष्मा पुसला.

खाली उतरते तर जिन्यातच भाची उभी.

"आत्या, बाबांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे. पण तू माझ्या बाजूनं बोल. ते येणार आहेत ऐकायला. सगळ्यांसमोर बोललीस की त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"बापाला कोंडीत पकडतेस होय गं?"

"भाची कोणाची!"

"बघते," पुन्हा तेच बाहेर पडलं. पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकले.

घरी येईपर्यंत तिला कळून चुकलं होतं आपण काय केलं ते. रात्री कूस बदलत राहिली. दादाचं खोटं नव्हतं, आणि पोरीचंही नव्हतं. मधेच 'तुझ्यासारखी नको' हे आठवे आणि ती उठून पाणी पिई. इतकी वर्षं घालवली ती काय दुसऱ्याला 'अशी होऊ नकोस' म्हणून दाखवायला?

दुसऱ्या दिवशी कोर्टात तर कहरच झाला. भिंतीच्या दाव्यात ती प्रतिवादीकडून उभी होती. बोलता बोलता म्हणून गेली, "तसं पाहिलं तर वादीचंही बरोबरच आहे." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. अशिलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं कसंबसं सावरून घेतलं, पण बाहेर आल्यावर जाड्या वकिलांनी गाठलंच. "बाई, आज कोणाकडून होतात?"

ठरल्या दिवशी शाळेच्या सभागृहात पुढच्या रांगेत मुलं होती आणि भाची त्यांच्या मधोमध. भाऊ अगदी शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. मुख्याध्यापिकेनं खुर्ची पुढे केली, ती तिनं बाजूला सारली आणि बोलायला लागली तीच फिरत.

"घरी कोणाकोणाला म्हणतात, तोंड फार चालतं, हिला वकील करा?" बरेच हात वर गेले. हशा पिकला. "ते विसरा. तोंड कोणाचंही चालतं. कान चालतात का बघा. वर्गात ज्याचं तुम्हाला अजिबात पटत नाही, त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा. ते जमलं तर पुढचं बोलू."

मुलं सावरून बसली. ती सांगत गेली. कंटाळवाणं वाचायची सवय करा, कारण कोर्टाच्या कागदावर कोणी गोष्ट लिहून आणत नाही. लिहाल ते शेजाऱ्याला एका वाचनात कळलं पाहिजे. सुट्टीत एक दिवस कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा, दार उघडंच असतं. सिनेमातल्यासारखं कोणी ओरडत नाही तिथे, बराच वेळ काहीच घडत नाही. तो कंटाळा सोसवतो का, ते बघून या. आणि हरायची तयारी ठेवा. आपली चूक नसतानाही माणूस हरतो, आणि घर मात्र अशिलाचं जातं.

 मागच्या रांगेत भावानं मान हलवली. पुढे भाचीनं मान खाली घातली.

तेवढ्यात एका मुलानं विचारलं, "शाखा कोणती घ्यायची?"

"कोणत्याही शाखेतून वकील होता येतं," ती घाईनं म्हणाली. वाक्य खरं होतं. दादाही खूश, पोरगीही खूश. तिला हायसं वाटलं.

भाची उठून उभी राहिली. "आत्या, हे उत्तर झालं की पुढची तारीख?"

सभागृह खदखदून हसलं. ती पहिल्यांदाच थांबली. पायात माईकची वायर गुंडाळली गेली होती, ती सोडवायचंही सुचलं नाही.

"तारीख," ती म्हणाली. "मुलांनो, आता सांगते ते नीट ऐका. वकिलानं दोन्हीकडचं वकीलपत्र कधी घेऊ नये. मी घेतलंय. या मुलीच्या वडिलांना म्हटलं बघते, आणि हिलाही म्हटलं बघते. दोघंही माझीच माणसं, म्हणून एकालाही नाही म्हणवलं नाही. असं झालं की एकच करता येतं, दोन्हीकडून बाजूला व्हायचं. मी झाले." मग मागे पाहून, "दादा, तुझं तू बोल. आणि तुझं तू गं."

मुख्याध्यापिका घड्याळाकडे पाहू लागली. भाचीनं मागे वळून बोलायला सुरुवात केली. पाठ केलेले दोन मुद्दे धडाधड आले, तिसरा आठवेना. आत्याच्या जिभेवर तो तयार होता. तिनं ओठ मिटून खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हरलीस की काय करशील?" भावानं तिथूनच विचारलं.

पोरगी घुटमळली. "तुमच्या पायरीवर येऊन बसेन. हाक मारली तरी ओ देणार नाही."

कोणीतरी हसलं, पण भाऊ हसला नाही. "घरी बोलू," म्हणाला आणि उठला. दारात बहिणीला म्हणाला, "तू येऊ नकोस."

ती शाळेच्या मैदानाभोवती फिरत राहिली. फाटक लावायची वेळ झाली तशी रस्त्यावर आली. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल ऐकले होते, पण तेव्हा ती आत उभी असायची. बाहेर थांबणं असं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पोरीला हो म्हटलं असतं तर? दादाला हो म्हटलं असतं तर? त्याच त्या गल्लीतून तिसऱ्यांदा जाताना पानवाल्यानं विचारलंही, "काही हरवलंय का ताई?"

दिवेलागणीला भाऊ समोरून चालत आला. घरचं बोलणं उरकून तिला शोधत आला होता.

"घेऊ दे म्हटलं, भाषा न् इतिहास," तो म्हणाला. "पण एक आहे. तिला शिकवायचं तू नाही. तुझ्या हाताखाली नको."

"का? मी इतकी वाईट—"

"वाईट नाहीस. ती हरून आली की तिला वकील नको असेल गं. आत्या लागेल. तूच म्हणालीस ना, दोन्हीकडचं घ्यायचं नाही म्हणून?"

तिला बरं वाटत होतं आणि आत कुठंतरी खुपतही होतं. मग कोणाकडे पाठवायची? जाडे वकील चांगले, पण दुपारी झोपतात. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई हुशार, पण पोरींना रडवतात. तो नवा वकील तर अशिलाला ओळखही दाखवत नाही.

"अगं, अजून खूप वर्षं आहेत त्याला," भाऊ म्हणाला. "घरी चल. जरा बस."

"तू हो पुढे," ती म्हणाली, आणि पुन्हा गल्लीच्या टोकाकडे वळली.